कवळीचे पैसे

परदेशात वेल्डिंग करणाऱ्या बापाने तिथेच सोबत राहणाऱ्या लेकीला ठणकावलं, "ड्रम-बिम काही मिळणार नाही!" आणि त्याच दिवशी मायदेशी आपल्या आईला कवळी बसवायला पैसे पाठवले.

महिनाभराने व्हिडिओ कॉलवर बघतो तर काय, आईचं बोळकं तसंच!

"आई, कवळी कुठाय?"

"अरे, डॉक्टर म्हणतो, आजी, एवढं मोठं तोंड जन्मात पाहिलं नाही. माप घ्यायला थेट कारखान्यातून माणसं येणारेत!"

तेवढ्यात दारात भलंमोठं खोकं आलं आणि लेक फोनवर झेपावली, "आजी, ड्रम आले! तू पाठवलेले पैसे बरोब्बर पुरले!"

बापाने फोनकडे पाहिलं. व्हिडिओ अडकल्यासारखी आई तोंड उघडं ठेवून थिजून बसली होती. तिच्या मागचा पंखा मात्र गरगर फिरत होता.