निळ्या पाटीखालची जागा

"दिव्यांग कौन है?" सुरक्षारक्षकाने व्हॅनच्या काचेवर टिचकी मारून विचारलं.

स्टिअरिंगवरच्या सेवकरामने मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर त्याची मुलगी साक्षी स्वेटरवर शाल गुंडाळून, गुडघे पोटाशी धरून बसली होती. मांडीवर पाण्याची मोठी बाटली. थंडीने सकाळीच डाव साधला होता. गावाहून गोंदियाला येईपर्यंत ती कण्हली नव्हती, नुसती ओढणी चावत होती, आणि सेवकरामला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

या दवाखान्यात गाड्या रस्त्यापलीकडच्या मैदानात लावायच्या. आत रॅम्पला लागून एकच जागा होती. पुढे साखळी, वर निळी पाटी, पाटीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र.

"पोरीले चालनं होत नाही, भाऊ. खुर्ची तरी आना."

"खुर्ची ऊपर गई है." रक्षक नवा होता, घाबरलेला होता. "कल एक साहब पाँच मिनट बोलके यहाँ गाडी लगा गए. तीन पहिये की स्कूटरवाले चाचा बाहर धूप में बैठे रहे. मेरी नौकरी जाते जाते बची. बताओ, क्या तकलीफ है?"

त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच सेवकरामला त्याच्यावर रागावताही येईना. दवाखान्यात माणूस कशालाही येतो. ताप म्हणावं, बीपी म्हणावं, कोणी खोलात शिरत नाही. या जागेत मात्र कारण सांगावं लागतं. आणि रविवारी साक्षीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा.

मागून हॉर्न वाजला. सेवकरामने आरशात पाहिलं. मागच्या पांढऱ्या गाडीत यादोराव होते, अर्जुनी-मोरगावचे, त्याचे होणारे व्याही. शेजारी कानटोपी घातलेलं कोणीतरी खाली मान घालून बसलं होतं.

"बाबा, सांगून टाका ना," साक्षी पुटपुटली.

"चूप राह्य. मागं इवाई हायेत."

सेवकरामच्या घरात तो शब्द मोठ्याने बोलायचा नाही, असा दंडकच होता. सिकल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. थंडीत जास्तच, म्हणून अंगावर ऊब आणि हाताशी सतत पाणी लागतं. या भागात सिकल गल्लोगल्ली आहे. लग्नाच्या बोलणीत मात्र ती कोणाच्याच घरात नसते. दोघांनाही असेल तर मूलही तेच घेऊन जन्मतं, लग्न जुळवू नका, हे नर्सबाई शाळेत येऊन सांगून जातात. सेवकरामने मुलाची चौकशी केली होती. मुलगा ठणठणीत, असं कळलं होतं. मग आपल्या एकाच बाजूला आहे तर काय बिघडतं, साक्षगंध झाल्यावर सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. सरकार या आजाराला दिव्यांगांत धरतं, तसं सर्टिफिकेटही देतं. सेवकरामने ते काढलंच नव्हतं. काढलं की गावभर झालं.

साक्षीने काच खाली केली. "मला सिकल आहे," ती म्हणाली. आवाज जेमतेम ओठांबाहेर आला.

"साइकिल? साइकिल स्टँड पीछे है, बेटा."

सेवकरामच्या जिवात जीव आला. "हो, हो, सायकल! सायकलवरून पडली जी. पाय लय दुखून राह्यला तिचा."

साक्षीने बापाकडे नुसतं पाहिलं. ती नजर त्याला सोसवेना, म्हणून तो रक्षकाकडेच पाहत राहिला.

"प्लास्टर कहाँ है?"

"लावाचंच हाय अजून."

तेवढ्यात यादोराव गाडीतून उतरून जवळ आले. "काऊन थांबले, सेवकरामजी?" म्हणत त्यांनी खिडकीतून आत डोकावलं. शाल पाहिली, पोटाशी घेतलेले गुडघे पाहिले. मग त्यांची नजर साक्षीच्या मांडीवरच्या बाटलीवर जी गेली, ती तिथेच राहिली.

"सायकलवरून पडली," सेवकराम म्हणाला. झालं, मोडलं लग्न, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

यादोराव रक्षकाकडे वळले.

"सायकल नोहे, भाऊ. सिकल. रक्ताची बिमारी हाय. दिव्यांगातच येते ते. साखळी काढा."

"आपको कैसे पता?"

यादोरावांनी मागे हात केला. पांढऱ्या गाडीत त्यांचा मुलगा रत्नपाल, ज्याच्याशी रविवारी साक्षगंध व्हायचं होतं तो, कपाळ डॅशबोर्डला टेकवून बसला होता. त्याच्या मांडीवरही तशीच मोठी पाण्याची बाटली होती.

"आमच्या पोराले तेच हाय. सकाळपासून कण्हून राह्यला. आमीबी याच जागेसाठी आलो." यादोरावांचा आवाज जरा घोगरा झाला. "पन जागा एकच हाय. पह्यले पोरीले जाऊ द्या."

सेवकरामला त्यांचे आभार मानायचे होते. जाबही विचारायचा होता. त्याने गिअर टाकला.

रक्षकाने साखळी सोडली. साक्षीने मागे वळून पाहिलं. रत्नपालनेही कपाळ उचललं होतं. साखळी हातात धरून रक्षक दोन्ही बापांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"दोनों को एक ही बीमारी? रिश्तेदार हो क्या?"

"होनार होतो," यादोराव म्हणाले.