चार ओहमची जोडी

"वॉटचं मला सांगू नका, काका. डब्यावर वॉट छापायला पैसे पडत नाहीत. स्पीकर किती ओहमचे, ते बोला."

"चार," काउंटरपलीकडचे काका ताडकन म्हणाले. "पण खालच्या सुरात अडीचपर्यंत उतरतात."

ताईने हातातली सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. गेली वीस वर्षं ती या दुकानात ॲम्प्लिफायर दुरुस्त करत होती आणि गिऱ्हाइकाला 'मोठा आवाज पाहिजे' यापलीकडे काही बोलता येत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. आणि हे जाड चष्म्याचे पेन्शनर गृहस्थ अडीच ओहमच्या गोष्टी करत होते!

"तुम्हाला हो कसं माहीत?"

"आम्हीच बांधलेत. मी आणि माझ्या धाकट्या भावाने. लाकूडकाम त्याचं, आतलं सगळं माझं."

"मग खादाड असणार. असे स्पीकर करंट ओढतात आणि लहानसहान ॲम्प्लिफायरचा जीव जातो."

"जातोच की. ड्रम सुरू झाला की त्याला धाप लागते. आवाज फाटतो, मग अर्धं मिनिट सगळं गप्प. ऐकताना जीव तुटतो हो, ताई. इतके चांगले स्पीकर आणि ही दशा!"

"सध्या कशावर चालतात?"

"असेल एखादा चकचकीत डबा."

"कंपनी कुठली?"

"नाव दिसत नाही मला."

ताईने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडून दिला.

काकांनी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. यात आहेत तेवढेच, वर एक पैसा मागू नका, म्हणाले. ताईने आत डोकावून पाहिलं. नव्या मालाचं नावच काढायला नको! पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. कमी पैशात बसवून दाखवणं हा तर तिचा हातखंडा. वर आपल्याला गिऱ्हाइकाची खोली इथे बसून दिसते, असं ती छातीठोकपणे सांगायची.

"बेस कसा येतो?"

"भरपूर. घुमतो नुसता."

"आणि बारीक आवाज? झांजा वगैरे?"

"जवळजवळ नाहीच."

"बघा! भिंतीला चिकटवून ठेवलेत ना? दोन हात पुढे ओढा."

"नाही ओढता येत."

"एवढे जड?"

काका नुसतेच काउंटरवरचा स्क्रू बोटाने फिरवत राहिले.

"बरं, आवाज किती वर नेता?"

"ते बटण माझ्या हातात नाही."

"कळलं, कळलं! काकूंच्या हातात!" ताई खो खो हसली. काकाही हसले, जरा उशिरा.

"आणि हे बांधले तेव्हा कशावर वाजवायचात?"

"होता एक. याच स्पीकरसाठी तीन महिने खपून बनवलेला. भंगारात दिला मी."

"शुद्धीवर होतात ना?"

"नव्हतो. धाकट्याशी भांडण झालं, त्या रागात दिला. चूक माझीच होती. अकरा वर्षं झाली, बोलणं नाही."

ताईने शिडी लावली आणि माळ्यावरून एक जुनं धूड खाली उतरवलं. तोंडावर ओरखडे, समोरचा दिवा गेलेला, पण आतला ट्रान्सफॉर्मर कलिंगडाएवढा.

"दिसायला ध्यान आहे, पण करंट देताना हात आखडणार नाही. नव्या डब्याच्या निम्मे वॉट आणि दुप्पट दम. उद्या याला अडीच ओहमचा भार लावून तासभर तापवते. टिकला तरच देईन. आणि येऊन मीच जोडणार. माझा माल मी दुसऱ्याला जोडू देत नाही."

"या की. पण साडेसहाच्या सुमाराला. आधी नको."

धूड टिकलं. पाकिटात बसलं, वर दोन जाड वायरीही बसल्या. दुसऱ्या दिवशी ताई ते कवटाळून तीन जिने चढली, तेव्हा तिला घाम फुटला होता, पण मान ताठ होती. काकूंनी दार उघडलं आणि आधी पाणी दिलं.

पाणी पिता पिता ताईने खोलीवर नजर फिरवली. एक टेबल, पुस्तकांचं कपाट, दोन खुर्च्या. त्यातली एक अगदी भिंतीला टेकवलेली आणि तिच्यामागे, डोक्याच्या उंचीला, हाताएवढ्या जागेतला भिंतीचा रंग घासून गेलेला. आवाज घुमावा असं काहीच दिसेना.

"स्पीकर आतल्या खोलीत का, काकू?"

काकू काकांकडे पाहू लागल्या. "अहो, तुम्ही यांना सांगितलंच नाहीत?"

काकांनी घड्याळ पाहिलं, त्या खुर्चीत बसले आणि डोकं मागे टेकवलं. साडेसहा वाजले. काकांच्या पाठीमागची भिंत घुमू लागली. भरदार, खोल बेस. बारीक आवाज मात्र नाहीच. मग ड्रम आला. दोन ठोके नीट पडले, तिसऱ्याला धाप लागली, आवाज फाटला आणि सगळं गप्प झालं.

ताई हातात पेला घेऊन तशीच उभी राहिली.

काका उठले. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि वाकून ॲम्प्लिफायरची एक बाजू धरली.

"धरा दुसरी बाजू, ताई. आणि धाकट्याच्या दाराची बेल तेवढी तुम्ही वाजवा. पुढचं मी बघतो."