बुधाजीचे बोंबील

सकाळी सातला कमळने ओल्या जवळ्याच्या दोन टोपल्या खळ्याच्या कडेला ठेवल्या आणि आभाळाकडे बघत उभी राहिली. ऑक्टोबर निम्मा सरला तरी आभाळ मोकळं व्हायचं नाव घेत नव्हतं. जवळा आत्ता पसरला नाही तर दुपारपर्यंत वास मारणार. पसरला आणि पाऊस आला, तर गेला मातीत.

एरवी ती जवळा पसरायची आणि नवऱ्याला घेऊन पावणेआठच्या एसटीने अलिबागला जायची. आठवड्यातून तीन दिवस तुळशीरामचं डायलिसिस. मशीनवरून उठल्यावर त्याला घेरी यायची, एकट्याला सोडता येत नव्हतं. मागे पाऊस आलाच तर शेजारची ठमी जवळा गोळा करून ठेवायची. पण ठमी काल आगरदांड्याला बहिणीकडे गेली होती. आणि रात्री पनवेलहून त्यांची लेक पूर्वी हिचा फोन आला होता, "आई, मोबाइलवर उद्या दुपारी विजांचा पाऊस दाखवतोय."

तुळशीराम ओट्यावर बसला होता. अंगात धुतलेला सदरा, पायांत चपला, मांडीवर फायलींची पिशवी.

"आवो, काय म्हनतंय आभाळ?" कमळने विचारलं.

तीस वर्षं तो होडीवर तांडेल होता. होडी काढायची की नाही, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरायचं. त्याने मान वर केली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावला.

"येनार," तो म्हणाला. "दुपारच्या आत. गडगडाट करून येनार."

"मंग?"

"मंग काय. तू हितंच थांब जवळ्यापाशी. एक दिस न्हाय गेलो तर मरत न्हाय मी."

कमळने फणसाडच्या डोंगराकडे पाहिलं. माथ्यावरची झाडं एकेक करून मोजावीत इतकी साफ दिसत होती. डोंगर असा धुतल्यासारखा दिसला की दिवस कोरडा जातो, हे लग्न होऊन आली तेव्हा त्यानेच तिला दाखवलं होतं. तिला वाटलं, आपलीच नजर चुकत असेल. मग वाटलं, चुकत असेल तर बरंच आहे. आज ती गाडी नको, दवाखान्याबाहेरचं ते लोखंडी बाकडं नको, परतीच्या वाटेवर खांद्यावर कलंडलेलं त्याचं डोकं नको. नुसत्या विचारानेच तिचे पाय हलके झाले. त्याची तिला लाज वाटली.

ती टोपली कमरेवर घेऊन खळ्यात उतरली.

निम्मा जवळा पसरून झाला तेव्हा बुधाजी कुंपणाशी आला. तुळशीरामच्या होडीवर त्याने सगळी उमर काढली होती.

"तांडेल, बोंबील टांगू काय बांबूवर? का येतोय आज पाऊस?"

तुळशीरामने आभाळाकडे बघितलंही नाही.

"टांग. खुशाल टांग. थेंब न्हाय पडायचा."

बुधाजी गेला. कमळचा हात टोपलीत होता तसाच राहिला. मग तिने टोपली खाली ठेवली आणि ओट्यापाशी आली.

"त्याला एक सांगता आनि मला एक?"

तुळशीराम पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"त्याचे बोंबील सडले असते," तो म्हणाला.

"आनि तुमचं काय?"

त्याने बंद सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"शनवारी त्या नर्स पोरीला माझ्या हातात तीनदा सुई घालाया लागली," शेवटी तो म्हणाला. "रडकुंडीला आली ती. मीच म्हटलं, घाल गं, घाल. दमलो कमळ. एक दिस मला घरात बसून ऱ्हाऊ दे. उद्या जाऊ. उद्या न्हाय म्हननार न्हाय मी."

कमळच्या ओठांवर सगळं आलं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, पूर्वीला काय सांगू ते. तिने त्याच्याकडे पाहिलं. सदऱ्याची बटणं नीट लावलेली होती. केस विंचरलेले होते. जायचं म्हणून सगळं त्याने केलं होतं. उठणं तेवढं राहिलं होतं.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी थांब्यावर उभी राहिली, थोडी थांबली आणि गेली. दोघांपैकी कोणीही तिकडे बघितलं नाही.

कमळने राहिलेला जवळा पसरला. हात धुतले. त्याला अर्धा कप चहा मोजून दिला, आणि त्याच्या शेजारी बसून दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, मी तुळशीरामची बायको. आज येनं जमनार न्हाय. उद्या घ्याल काय त्यांना?"

"का हो? पेशंट बरा आहे ना?"

"बरा हाय. पाऊस लागलाय. लय मोठा. गाड्या बंद हायेत."

तुळशीरामने कप खाली ठेवला.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "उद्या दहाला या. पाणी मोजूनच द्या. आणि धाप लागली तर उद्याची वाट बघू नका, लगेच घेऊन या. पण काकू, पाऊस कुठला? इकडे तर छान ऊन पडलंय."

समोर ढग फाटले होते. ओला जवळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चकाकत होता. उजेड डोळ्यांवर आला म्हणून कमळने पदर पुढे ओढला.

"पडलं असंल," ती म्हणाली. "आमच्याकडं न्हाय पडलं."