हात पोचेल तिथवर

खालच्या रांगेतल्या दगडी बाईचं नाक कालपर्यंत जागेवर होतं. आज राखणदाराने ओलं फडकं फिरवलं आणि त्याचं पीठ होऊन फडक्याला लागलं.

"वेळेवर आलीस," तो मुलीला म्हणाला. "काढ तुझं औषध."

जमिनीखालच्या त्या थडग्यात भिंतभर माणसं कोरलेली होती, तीन रांगांत. खालच्या दोन रांगांवर करडे डाग चढले होते. एकतीस वर्षं राखणदाराने ही माणसं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. सकाळी फडकं, संध्याकाळी फडकं. पोटच्या पोरीचं तोंड कधी इतकं पुसलं नाहीत, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

ती पोर आता प्रयोगशाळेत नोकरीला होती. महिन्यापूर्वी तिनेच कापसाच्या बोळ्यांनी हे डाग टिपून नेले होते. उद्या साहेबांसमोर अहवाल वाचला जाणार होता. बाबांना तो चारचौघांत कळू नये, म्हणून ती आज आली होती.

"औषध नाहीये, बाबा. हे जिवाणू आहेत. दगडावर वस्ती करतात आणि दगडच खातात. मारले तर मेलेल्यांवर दुसरे पोसतात."

"पण आले कुठून मेले?"

"वरच्या रांगेला काही झालेलं नाही," ती हळूच म्हणाली.

"तिथे माझा हात पोचत नाही. किती वर्षं शिडी मागतोय, पण ऑफिसात..." तो थांबला. वरच्या माणसांच्या पापण्यासुद्धा शाबूत होत्या.

"ओल फडक्याची. आणि जिवाणू माणसाच्या कातडीवरचे."

"माझ्या?"

तिला हो म्हणवेना. तिने नुसती मान डोलावली.

"करायला गेलो एक," तो पुटपुटला. त्याला दुःखाआधी लाज वाटली. फडकं त्याने पाठीमागे लपवलं. "उद्यापासून हात नाही लावणार. नुसता आत बसेन."

"उद्या दार कायमचं बंद करतायत. श्वासानेही ओल चढते, बाबा."

"मग तरी थांबेल ना हे?"

"नाही. जरा सावकाश होईल."

ती पायऱ्यांकडे निघाली. मागून पावलं ऐकू येईनात म्हणून तिने वळून पाहिलं. भिंतीपासून चार हात लांब उभा राहून तो एकेक चेहरा बघत होता. नाकातोंडावर तळहात घट्ट दाबलेला, गुदमरून डोळे बाहेर आलेले, आणि तरी तो श्वास घेत नव्हता.