सरबराई

बनुबाई गेल्याचं येसाजीला कळलं, ते कारखानदार संघाच्या वार्षिक जेवणात. यंदा जेवण घालायची पाळी त्याच्या कारखान्याची होती. बँकेचे साहेब येणार म्हणून हिशेबखात्यातल्या माणसांना सरबराईला उभं केलं होतं. पाण्याचा जग घेऊन फिरणाऱ्या येसाजीला मॅनेजर कर्णिकांनी बाजूला घेतलं आणि सांगितलं.

“दवाखान्यातनं फोन कधी आला, साहेब?”

“दुपारी. पण तू गेला असतास, तर बँकवाल्यांकडे कोणी बघायचं?”

“म्हणजे दुपारीच गेली ती?”

कर्णिक घुटमळले. “नाही रे. दुपारी नुसतं सीरियस आहे, नवऱ्याला पाठवा, एवढंच म्हणाले. गेल्याचा फोन आत्ता आला.”

दवाखाना सायकलवर अर्ध्या तासावर होता.

तेवढ्यात अध्यक्षांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. येसाजीनं जग टेबलावर आपटला.

“बसा खाली! माझ्या बायकोसाठी तुमच्यातल्या कुणी उभं राहायचं नाय!”

संध्याकाळभर त्यानं त्या सगळ्यांचे पेले भरले होते. बनुबाईच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं.