लाल शाईतला शेरा

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत तिथल्याच एका जुन्या मुद्रितशोधकाच्या निधनानिमित्त शोकसभा होती. त्यांनी तपासल्याशिवाय संपादकसाहेब एकही भाषण करत नसत. शेवटच्या आजारात त्यांच्या इस्पितळातल्या खाटेवरही साहेबांचे कागद जायचे, साहेब मात्र एकदाही गेले नाहीत. आज साहेब कागदावरून वाचत होते, "ते मला थोरल्या भावासारखे होते," आणि दर ओळीला डोळे पुसत होते.

सभा संपल्यावर तो कागद टंकलेखिकेच्या हाती लागला. 'थोरल्या भावासारखे' या शब्दांशेजारी, समासात, लाल शाईने गेलेल्या माणसाचंच वळणदार अक्षर होतं:



"याला 'मॉकिश' म्हणतात, म्हणजे ओकारी आणणारा गहिवर, मूळ शब्दाचा अर्थ अळी. हे वाक्य गाळावं. बाकी मजकूर ठीक. तारखेची जागा मोकळी सोडली आहे, मी गेल्यावर भरून घ्यावी."