नेमकं बोलण्याच्या वेळी

आमचं मेलं नेट नेमकं बोलण्याच्या वेळीच दगा देतं. राउटर बदलला, वायर नवी टाकली, तरी कॉम्प्युटरवर लेकाचा व्हिडिओ कॉल मध्येच अडकतो. आजही मी विचारलं, "बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला येतोयस ना रे?" आणि झालं! तोंड अर्धवट उघडं ठेवून लेक स्क्रीनवर पुतळ्यासारखा थिजला.

"थांब, राउटर बंद करून परत चालू करतो," म्हणत हे कण्हत-कुंथत टेबलाखाली शिरले.

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"अहो, बाहेर या. काही बंद करू नका."

"का? आलं का नेट?"

"गेलंच नव्हतं."

लेक अजून तसाच थिजलेला होता आणि त्याच्या मागचा पंखा गरागरा फिरत होता.